राज्य विक्रम यादीत चढेपर्यंत : पॉवरलिफ्टिंगच्या नोंदीची पायरीपायरीने वाट

जिल्हा किंवा राज्य स्पर्धेच्या स्कोअर टेबलावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. विक्रमाचं घोडं प्लॅटफॉर्मवर कमी आणि टेबलापाशी जास्त पेंड खातं. लिफ्ट निघते, तिन्ही पंचांचे पांढरे दिवे (म्हणजे लिफ्ट पास) लागतात, व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो, आणि दोन महिन्यांनी राज्याची यादी उघडली की तिथे जुनंच नाव असतं. कुणाचा वजनगट चुकलेला असतो, कुणाची आकडेमोड अर्ध्या किलोने हुकलेली असते, आणि कुणाचा अर्जच गेलेला नसतो.

खाली दिलेली वाट आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या (पुढे फक्त 'महासंघ') नियमांची आहे. भारतात त्याच्याशी संलग्न संस्था म्हणजे पॉवरलिफ्टिंग इंडिया, आणि तिच्याखाली राज्य व जिल्हा संघटना. काही बारीकसारीक नियम प्रत्येक राज्य आपापले ठेवतं. तशी जागा आली की मी 'लेखी विचारा' म्हणेन. त्याचा अर्थ खरोखर लेखी विचारा असाच घ्यायचा. सेक्रेटरींनी फोनवर 'होईल हो' म्हटलं, एवढ्यावर विसंबू नका.

१. आधी ठरवा : कोणता विक्रम, कुणाच्या यादीतला

'महाराष्ट्राचा डेडलिफ्टचा विक्रम' अशी एकच एक गोष्ट नसते. पुरुष की महिला, क्लासिक (आधार देणाऱ्या खास पोशाखाशिवाय) की इक्विप्ड (तशा पोशाखासह), कोणता वयोगट, कोणता वजनगट, कोणती लिफ्ट की एकूण बेरीज, आणि तीन लिफ्टची (स्क्वॉट म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठक, बेंच प्रेस म्हणजे बाकावर पडून छातीवरून बार वर ढकलणं, डेडलिफ्ट म्हणजे बार जमिनीवरून उचलणं) स्पर्धा की फक्त बेंच प्रेसची : हे सगळे रकाने जुळले की मग एक विक्रम होतो. कागदावर तुमचा नेमका रकाना लिहा आणि त्यासमोर आजचा आकडा लिहा.

आकडा घ्यायचा तो राज्य संघटनेच्या ताज्या यादीतून. इन्स्टाग्रामवरच्या पोस्टवरून किंवा जिमच्या भिंतीवरच्या बोर्डावरून घेऊ नका. यादीवर तारीख असते ती बघा, आणि त्या तारखेनंतर कुठल्या स्पर्धा झाल्या ते विचारा. मधल्या स्पर्धेत कुणी विक्रम केला असेल आणि नोंद यायची बाकी असेल, तर तुम्ही जुन्या आकड्याच्या मागे धावत असता.

वयोगटात तर हमखास गोंधळ होतो. वाढदिवस मोजायचा नाही, कॅलेंडर वर्ष मोजायचं. सबज्युनिअर गट १४ वर्षं पूर्ण झाल्याच्या दिवसापासून, १८ वर्षांचे होता ते वर्ष संपेपर्यंत. ज्युनिअर म्हणजे १९ लागतं त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून २३ लागतं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. मास्टर्स-१ हा ४० लागतं त्या वर्षाच्या १ जानेवारीला सुरू होतो. म्हणजे डिसेंबरमध्ये चाळिशी गाठणारा गृहस्थ फेब्रुवारीतच मास्टर्समध्ये उतरू शकतो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण अख्खं वर्ष ओपनमध्ये (सर्व वयांच्या खुल्या गटात) घालवतात.

सावधान : देशात पॉवरलिफ्टिंगच्या इतरही संस्था आहेत आणि प्रत्येकीची यादी वेगळी. एका संस्थेच्या स्पर्धेतली लिफ्ट दुसऱ्या संस्थेच्या यादीत जात नाही. पहिल्यांदाच उतरून थेट 'जागतिक विक्रम' घेऊन आल्याच्या बातम्या गावोगावच्या पेपरांत येतात. अशी बातमी वाचली की आधी संस्थेचं नाव वाचावं.

लेखी विचारा : ज्युनिअर मुलाने ओपनचा विक्रमही ओलांडला तर दोन्हीकडे नोंद होते का? तीन लिफ्टच्या स्पर्धेतला बेंच फक्त-बेंचच्या यादीत धरतात का? तुमच्या रकान्यात आजवर कुणाचंच नाव नसेल, तर किमान किती वजन उचलावं लागेल?

२. तुम्ही कुठले? नोंदणी पाहा

विक्रम तुमच्या नोंदणीच्या मागे जातो, जिमच्या पत्त्यामागे जात नाही. सावंतवाडीचा मुलगा म्हापशाच्या जिममध्ये सराव करत असेल, पण नोंदणी सिंधुदुर्ग जिल्ह्यातून असेल, तर तो महाराष्ट्राचा लिफ्टर. गोव्याच्या यादीशी त्याचा संबंध नाही. पुण्यात नोकरीला आलेल्या साताऱ्याच्या लिफ्टरलाही हाच प्रश्न जिल्हा विक्रमाच्या बाबतीत पडतो. हे लोक बऱ्याचदा दोन्हीकडे पाय ठेवून असतात आणि शेवटी दोन्हीकडून हरकत येते. जिल्हा बदलायचाच असेल तर बदलीचं पत्र मोसमाच्या सुरुवातीला घ्या. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ते मिळत नाही.

कागद असे ठेवा : चालू वर्षाची नोंदणी पावती, जन्मदाखला, आधार. तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी हवी. आधारवर नुसतं वर्ष असेल किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या महिला लिफ्टरांच्या जुन्या नोंदी आणि नवं ओळखपत्र यांचा मेळ बसत नाही, तो आधी बसवून घ्यावा लागतो.

३. ती स्पर्धा विक्रमासाठी धरली जाते का

प्रत्येक स्पर्धेत विक्रम होत नाही. एखाद्या तालमीच्या वर्धापनदिनाची 'खुली भव्य स्पर्धा' कितीही दणक्यात झाली, तरी राज्य संघटनेची मंजुरी नसेल तर तिथली लिफ्ट यादीच्या दृष्टीने सरावच. प्रवेश फी भरायच्या आधी आयोजकांना चार गोष्टी विचारा.

मंजुरीचं पत्र आहे का? तिन्ही पंच संघटनेने राज्य विक्रमासाठी ठरवलेल्या दर्जाचे आहेत का? बार, प्लेट, कॉलर (प्लेटा जागेवर घट्ट धरणाऱ्या कड्या) मान्य बनावटीचे आहेत का? आणि पाव किलोच्या प्लेटा आहेत का? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात, पण त्यावर किती अवलंबून आहे ते पायरी ६ मध्ये येईलच.

राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या चमूतून उतरून केलेली लिफ्टही सहसा राज्य विक्रम म्हणून धरता येते. मात्र ती आपोआप राज्याच्या यादीत येत नाही, दावा तुम्हीच करायचा असतो.

४. औषध, पूरक आहार आणि उत्तेजक चाचणी

जागतिक विक्रमाला उत्तेजक चाचणी लागतेच. राज्य पातळीवर प्रत्येक विक्रमवीराची चाचणी होत नाही, पण नाडाचे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे) लोक येऊ शकतात आणि नमुना द्यायला नकार देणं हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. चाचणीत सापडलात तर त्या स्पर्धेचा निकाल जातो आणि विक्रमही त्याबरोबर जातो.

'मला माहीत नव्हतं, दुकानदाराने दिलं' हे कारण चालत नाही. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी लिफ्टरचीच. सर्दीच्या गोळीपासून दम्याच्या पंपापर्यंत सगळं नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' या सुविधेत तपासून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध बंदी यादीत असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करायचा असतो. जिममध्ये सुट्ट्या डब्यातून मिळणारी 'प्री-वर्कआउट' पावडर स्पर्धेच्या मोसमात घेऊच नका, हे माझं स्पष्ट मत.

५. साहित्य आणि वजन

साहित्य तपासणीत जे दाखवलं आणि पास झालं, तेवढंच अंगावर चढतं. बेल्ट १० सेंटिमीटरपेक्षा रुंद आणि १३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. रिस्ट रॅप (मनगटाची पट्टी) एक मीटरपर्यंत लांब आणि ८ सेंटिमीटरपर्यंत रुंद. नी स्लीव्ह (गुडघ्यावर चढवायची बाही) ७ मिलिमीटरपर्यंत जाड आणि ३० सेंटिमीटरपर्यंत लांब. मापात बसलं म्हणून भागत नाही, बनावटही महासंघाच्या मान्य यादीतली लागते. बाजारात मिळणारा दणकट चामड्याचा बेल्ट सरावाला उत्तम, पण त्यावर विक्रम टेकवू नका. एखाद्या छोट्या स्पर्धेत पंच डोळेझाक करतील, पण नोंदीच्या वेळी फोटो पाहून कुणी हरकत घेतली की उत्तर नसतं. नी रॅप (गुडघ्याला गुंडाळायची पट्टी) फक्त इक्विप्डमध्ये चालते, क्लासिकमध्ये नाही. डेडलिफ्टला नडगी झाकणारे लांब मोजे लागतात आणि ते दरवेळी कुणीतरी घरी विसरतो.

आता वजन. वजन घेणं लिफ्टिंगच्या दोन तास आधी सुरू होतं आणि दीड तास चालतं. पुरुषांचे गट ५९, ६६, ७४, ८३, ९३, १०५, १२० आणि १२० वरील. महिलांचे ४७, ५२, ५७, ६३, ६९, ७६, ८४ आणि ८४ वरील. सबज्युनिअर-ज्युनिअरसाठी मुलांचा ५३ आणि मुलींचा ४३ हे जादा गट आहेत. ६६ किलोचा गट म्हणजे काट्यावर ६६.०० किंवा कमी. ६६.०५ आलं तर गटाबाहेर. मर्यादेत बसलात तर वजन एकदाच होतं. मर्यादेबाहेर असाल तर त्याच दीड तासात परत काट्यावर येता येतं, त्यानंतर त्या गटाची दारं बंद.

प्रत्येक लिफ्टला तीन अटेम्प्ट (प्रयत्न) मिळतात. वजनाच्या वेळीच तिन्ही लिफ्टच्या पहिल्या अटेम्प्टचे आकडे आणि स्क्वॉट व बेंचच्या रॅकची उंची द्यावी लागते. उंची रॅकवर स्वतः उभं राहून, आडवं पडून पाहिलेली हवी. जिममधला आकडा इथे लागू पडत नाही, कारण रॅक वेगळा असतो.

तपासा : बाहेर पडण्याआधी वजनाच्या तक्त्यावर तुमचं नाव, जन्मवर्ष, वयोगट, वजनगट आणि क्लासिक की इक्विप्ड हे रकाने स्वतः वाचा. इथे झालेली चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जाते.

६. आकड्यांचं गणित, शांतपणे, आदल्या रात्री

नेहमीच्या अटेम्प्टमध्ये बारवरचं वजन अडीच किलोच्या पटीत असतं. विक्रमाच्या प्रयत्नाला सूट आहे : जुन्या विक्रमापेक्षा किमान अर्धा किलो जास्त. बरोबरी केली तर विक्रम होत नाही.

समजा विक्रम २१२.५ किलोचा आहे. तुम्हाला २१३ हवेत. बार २० किलोचा, दोन कॉलर मिळून ५, म्हणजे रिकामा बार २५. उरले १८८, एका बाजूला ९४. लागणाऱ्या प्लेटा : २५ च्या तीन, एक १५ ची, एक २.५ ची, एक १.२५ ची, आणि शेवटी पाव किलोची एक. ती पाव किलोची जोडी आयोजकांकडे नसेल तर पुढचा आकडा थेट २१५. विक्रमाच्या काठावर हे जादा दोन किलो फार जड असतात. म्हणून पायरी ३ मधला तो प्रश्न.

एकूण बेरजेचा विक्रम असेल तर गणित शेवटच्या डेडलिफ्टपाशी येतं. विक्रम ५६० चा, तुमचा स्क्वॉट २०० आणि बेंच १२७.५. जमा ३२७.५. डेडलिफ्ट २३२.५ केली तर बेरीज ५६०, म्हणजे नुसती बरोबरी. २३३ हवेत. हे गणित घामाघूम अवस्थेत वॉर्म-अप रूममध्ये करायला गेलं की चुकतं. स्क्वॉट आणि बेंचच्या चार-पाच शक्यता धरून त्यापुढे लागणारी डेडलिफ्ट असा छोटा तक्ता करून कोचच्या खिशात ठेवा.

ओपनर (पहिला अटेम्प्ट) असा ठेवा की ताप असला तरी निघेल. तिन्ही ओपनर फेल गेले म्हणून माणूस बाद होत नाही, पण एखाद्या लिफ्टचे तिन्ही अटेम्प्ट फेल गेले की एकूण बेरीजच राहत नाही. मग आधी झालेला स्क्वॉटचा विक्रम टिकतो का, हा प्रश्न उभा राहतो. लेखी विचारा. उत्तर काहीही असो, स्क्वॉटचा विक्रम झाल्यावर पुढच्या दोन लिफ्ट अर्धवट सोडून घरी जाऊ नका.

विक्रमाचा प्रयत्न दुसऱ्यात करायचा की तिसऱ्यात? माझ्या मते विक्रम सरावातल्या स्वच्छ लिफ्टच्या आत असेल तर दुसऱ्यात. म्हणजे पंचांची कमांड पाळायला चुकलात तरी एक संधी हातात उरते. सरावात कधीच न निघालेला आकडा असेल तर त्या दिवशी विक्रमाचा नाद सोडून बेरीज बघावी.

७. टेबलाशी बोलणं

लिफ्ट झाल्यापासून एक मिनिटात पुढचा आकडा द्यायचा. दिला नाही तर पास लिफ्टनंतर अडीच किलो आपोआप वाढतात, फेल लिफ्टनंतर तोच आकडा परत येतो. आधीच्या अटेम्प्टपेक्षा कमी आकडा मागता येत नाही. पहिला अटेम्प्ट फेरी सुरू व्हायच्या तीन मिनिटं आधीपर्यंत एकदा बदलता येतो. तिसरा अटेम्प्ट स्क्वॉट आणि बेंचला बदलता येत नाही. डेडलिफ्टला मात्र दोनदा बदलता येतो, तोही बारवर तुमचं वजन चढवून पुकारा होण्याआधी.

चिठ्ठीवर आकडा लिहून थांबू नका. 'राज्य विक्रम प्रयत्न, ज्युनिअर, ६६ किलो, क्लासिक' असं लिहा आणि तोंडी सांगा. टेबलाला माहीत नसेल तर २१३ हा आकडा त्यांना चूक वाटतो आणि ते २१२.५ करून टाकतात. त्यांचा दोष नाही, पटीत नसलेला आकडा विक्रमाशिवाय चालतच नाही.

सावधान : तुमच्याच गटात, तुमच्या आधी कुणी विक्रम वाढवला तर तुमचा आकडा शिळा झाला. कोचने बारपेक्षा टेबलावर जास्त लक्ष ठेवायचं ते यासाठी.

प्लेटा कोचने मोजायच्या. दोन्ही बाजू, आतून बाहेर. एका बाजूला पाव किलोची प्लेट राहून गेली तर लिफ्ट पास होऊनही विक्रम नाही. लोडिंगची चूक लिफ्टनंतर लक्षात आली, तर मूळ मागितलेल्या वजनावर पुन्हा प्रयत्न मागता येतो. हा हक्क तिथल्या तिथे, मुख्य पंचांकडे मागायचा. संध्याकाळी व्हिडिओ दाखवून काही मिळत नाही.

८. प्लॅटफॉर्मवर

पुकारा झाल्यापासून लिफ्ट सुरू करायला एक मिनिट. तीनपैकी दोन पांढरे दिवे पुरेत. २-१ ने मिळालेला विक्रम आणि ३-० ने मिळालेला विक्रम यादीत सारखाच दिसतो.

स्क्वॉटमध्ये मांडीचा खुब्याजवळचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्याखाली गेला पाहिजे, आणि वर आल्यावर पंचांची 'रॅक' ही कमांड ऐकल्याशिवाय हलायचं नाही. उत्साहाच्या भरात दोन पावलं पुढे टाकून घालवलेले विक्रम टेबलावरच्या मंडळींना तोंडपाठ असतात.

बेंचमध्ये डोकं, खांदे, नितंब बाकाला आणि तळवे जमिनीला. २०२३ पासून कोपरांचा नियम आला : बार छातीवर असताना कोपराच्या सांध्याची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीला किंवा तिच्या खाली हवी. पकड तर्जनी ते तर्जनी ८१ सेंटिमीटरपर्यंतच. रुंद पकड आणि मोठी कमान करून बेंच मारणाऱ्यांनी बाजूने व्हिडिओ काढून हा नियम आधीच तपासावा. जुन्या सवयीच्या लिफ्टरांची लिफ्ट सध्या इथेच जाते.

डेडलिफ्टला 'डाउन' ऐकल्यावर बार दोन्ही हातांनी धरून खाली. सोडून दिलात तर लाल.

९. दिवे लागल्यावरचा अर्धा तास

मिठ्या, फोटो नंतर. आधी कोचने टेबलावर जाऊन स्कोअरशीटमध्ये लिफ्ट पास म्हणून आणि नेमक्या आकड्याने चढली आहे का ते पाहायचं. कॉम्प्युटरमध्ये अर्धा किलो गळून २१२.५ पडलेले मी पाहिले आहेत; त्या क्षणी सांगितलं की मिनिटात दुरुस्त होतं.

मग साहित्य. विक्रमानंतर पंचांनी अंगावरचं साहित्य पुन्हा पाहायला मागितलं तर बेल्ट, स्लीव्ह काढून मित्राकडे फेकून दिलेले नसावेत. उत्तेजक चाचणीचं बोलावणं आलं तर सोबत आलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेआड जायचं नाही.

विक्रम नोंदीचा अर्ज त्याच दिवशी, त्याच सभागृहात भरून घ्या. तिन्ही पंचांच्या सह्या नाव आणि दर्जासकट लागतात. पंच दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगलेले असतात आणि मग एका सहीसाठी एसटीने हेलपाटे सुरू होतात. अर्जात स्पर्धेचं नाव, ठिकाण, तारीख, तुमचं प्रत्यक्ष भरलेलं वजन, जुना विक्रम, नवा विक्रम हे सगळं भरा. कोरा अर्ज घरूनच छापून न्या. आयोजकांकडे तो नसतोच असं धरून चाला.

तपासा : सही-शिक्क्याची स्कोअरशीट, वजनाचा तक्ता, अर्जाची प्रत. तिन्हींचे फोटो त्याच रात्री स्वतःला ईमेल करा.

१०. यादीत नाव येईपर्यंत

अर्ज आयोजक पाठवतात की लिफ्टरने पाठवायचा, मुदत किती, फी किती, हे राज्याराज्यांत वेगळं असतं. लेखी विचारा. उत्तर काहीही आलं तरी एक प्रत तुमच्याकडून ईमेलने जाऊ द्या, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

यादी सुधारल्यावर तुमची ओळ अक्षरन् अक्षर वाचा : नाव, जिल्हा, रकाना, आकडा, तारीख. चौकातला फ्लेक्स छापायला टाकायचा तो त्यानंतर.

विक्रमाचं प्रमाणपत्र आणि स्पर्धेतल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्याकडे पडताळणीला जातं ते स्पर्धेतल्या कामगिरीचं. विक्रम करूनही चौथ्या क्रमांकावर राहिलेला लिफ्टर विक्रमाचं प्रमाणपत्र घेऊन तिथे गेला तर रिकाम्या हाताने परत येईल. दोन्ही कागद स्वतंत्र मागून घ्या आणि खेळ, स्पर्धा व संघटना या आरक्षणाच्या शासन निर्णयात बसतात का ते आधीच पाहून ठेवा.

नाव आलंच नाही किंवा चुकलं, तर हरकत अशी लिहा : एक पान, राज्य संघटनेच्या सचिवांच्या नावे, सोबत वरचे तिन्ही कागद आणि अर्ज पाठवल्याचा ईमेल. त्यात भावना, आरोप, जिल्ह्याजिल्ह्यातलं राजकारण काही नको. 'अमुक तारखेच्या स्पर्धेत, अमुक रकान्यात, जुना आकडा इतका, माझी लिफ्ट इतकी, पुरावे जोडले आहेत, नोंद करावी.' पोहोच घ्या. पुढच्या स्पर्धेआधी उत्तर आलं नसेल, तर त्या दिवशी वजनाच्या वेळीच टेबलावरच्या यादीत कोणता आकडा धरला आहे ते विचारा आणि तुमच्या अर्जाची प्रत समोर ठेवा. नाहीतर तुमच्याच रकान्यात दुसरा कुणी २१३ मागेल, टेबलाच्या हिशेबी तो विक्रम ठरेल, आणि मग दोन लिफ्टर एका ओळीसाठी भांडत बसतील.